पाळण्याचे हरवलेले नऊ तास

१

सगळ्या मेल्या होत्या.

दसऱ्याच्या सकाळी साडेआठला माझ्या भाचीने, अनुयाने, सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला तेव्हा पिशवीतल्या पेशींपैकी कामाच्या अशा जवळजवळ उरल्याच नव्हत्या. गोळे होऊन तळाशी बसलेल्या. तिने नियमाप्रमाणे पिशवीवर लाल शिक्का मारला आणि पिंपरीच्या हॉस्पिटलला फोन केला. तिकडे शहेबाज नावाच्या पोराला अंघोळ घालून, नवा शर्ट चढवून खाटेवर बसवलं होतं. नवी पिशवी करायला आठ दिवस लागणार होते. शहेबाज सहाव्या दिवशी गेला.

मी चारुलता देवस्थळी. वय चौसष्ट, मुक्काम निगडी प्राधिकरण. भोसरीच्या एका गिअरच्या कारखान्यात मापं तपासायच्या खोलीत एकतीस वर्षं काढली. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक दिसला तरी मी पार्ट परत पाठवायचे, म्हणून शॉपवरची पोरं मला मागून 'रिजेक्टबाई' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. अनुया माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. तीन वर्षं माझ्याकडे राहते, तळेगावच्या एमआयडीसीतल्या 'शुभ्रा' नावाच्या छोट्याशा कंपनीत नोकरी करते.

तिथे काय चालतं ते तिने मला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या त्याच्यामागे धावतात आणि त्याला गिळतात. शहेबाज मोटारसायकलवरून पडला होता, मांडीच्या हाडात सळई घातली होती आणि त्या हाडात जंतू शिरले होते. औषध शिरेतून द्यावं तर ते हाडाच्या आतपर्यंत पोचेना, जास्त द्यावं तर मूत्रपिंडं बोंब मारायला लागली. मग शुभ्राने त्याच्याच पांढऱ्या पेशी काढल्या, आठवडाभर सांभाळल्या, शेवटच्या रात्री त्यांना औषधाचे बारीक कण गिळायला दिले आणि सकाळी परत त्याच्या रक्तात सोडल्या. पेशींना पत्ता सांगावा लागत नाही, मावशी, ती म्हणाली होती, दुखणं कुठे आहे ते त्यांना कळतं.

पहिली पिशवी लागू पडली होती. ताप उतरला, पोराने आईच्या हातचा दालचा मागून खाल्ला. दुसऱ्या पिशवीने काम पुरं होणार होतं. ती पिशवी खंडेनवमीच्या रात्री मेली.

कंपनीचा मॅनेजर मिहिर याने चार ओळींचा अहवाल लिहिला. कारण: कर्मचाऱ्याने औषधाचं प्रमाण जास्त घातलं. कर्मचारी: अनुया. सोमवारी हॉस्पिटलची समिती बसणार होती. समितीने तो अहवाल मान्य केला असता तर पोरीच्या नावावर आयुष्यभरासाठी एक मेलेला माणूस लागला असता.

अनुयाने जेवण टाकलं होतं. गुरुवारी रात्री ताटावर बसून ती म्हणाली, "मावशी, मीच मारलं असेन का गं त्याला?"

"मोजून घातलं होतंस ना औषध?"

"घातलं होतं. पण आता रोज रात्री स्वप्नात मोजते तेव्हा जास्त पडतं."

मी तिचं ताट झाकून ठेवलं आणि सकाळचा डबा आधीच भरून टाकला. समितीसमोर तिच्या बाजूने एकाला कागद बघायची परवानगी होती. तो एक म्हणजे मी.

२

कंपनीच्या मालकीण डॉ. मधुवंती स्वतःच शास्त्रज्ञ. चाळिशीच्या आतबाहेर, डोळ्यांखाली काळं. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तुम्ही तिची मावशी आहात हे मला माहीत आहे. तरीही बघा. जे सापडेल ते सांगा, माझ्या विरुद्ध असलं तरी."

इतकं सरळ कुणी बोललं की मी जरा बिचकते. मिहिर मात्र हसतमुख. टेबलावरच्या कागदांवर त्याने वजन म्हणून एक चकचकीत ट्रॉफी ठेवली होती, मोशीच्या कुठल्याशा सोसायटीची, 'नवरात्र दांडिया, नवमी, उत्कृष्ट जोडी'. मी ती उचलून पाहिली आणि परत ठेवली.

"काकू, यात काही गूढ नाही हो," तो म्हणाला. "पोरगी नवखी. एक शून्य इकडचं तिकडे झालं."

"औषधाची बाटली?"

"आहे सील करून. पण तिच्यात काय बघणार?"

बघण्यासारखं बरंच होतं. एका पिशवीला अर्धी बाटली औषध लागतं आणि प्रत्येक रुग्णाला नवी बाटली फोडतात. मी बाटली उजेडात धरली. बरोबर अर्धी भरलेली. जास्त घातलं असतं तर उरलं कुठून असतं? मिहिर म्हणाला, "हो, पण..." आणि पुढचं विसरला.

मग अनुयाने खंडेनवमीला संध्याकाळी सव्वासहाला, औषध घातल्यावर काढलेला पेशींचा फोटो पाहिला. टपोऱ्या, सुट्या, जिवंत. म्हणजे पिंपरीहून रक्त आणणारा ड्रायव्हर सुटला, बाटली सुटली, अनुयाही अर्धी सुटली. पेशी मेल्या त्या संध्याकाळनंतर, सकाळच्या आत.

"रात्री पेशींच्या खोलीत कोण गेलं होतं?"

खोलीचं दार कार्डाशिवाय उघडत नाही आणि दार स्वतः नोंद ठेवतं. डॉ. मधुवंतींनी यादी काढली. अनुया सहा पन्नासला बाहेर. नऊ पाचला मिहिर आत, नऊ अकराला बाहेर. सकाळी सहाला सफाईवाल्या गोजाबाई, त्यांचं कार्ड सकाळी सहा ते संध्याकाळी सहाच चालतं. दुसरं कुणी नाही.

"तो माझा राऊंड," मिहिर म्हणाला. "बॅच असली की रात्री नऊला बघून जायचं असतं. सगळं ठीक होतं. सदतीस डिग्री, पाळणा हलत होता. मी स्वतः बघितलं."

तापमानाचा आलेख त्याने मला दाखवला. रात्रभर सदतीसची सरळ रेघ, कुठे खड्डा नाही. असली रेघ मी एकतीस वर्षं शोधत होते.

"पाळणा म्हणजे?"

"चला, दाखवतो."

पेशींच्या खोलीच्या काचेच्या दाराशी मी थांबले. दसऱ्याचं तोरण अजून तसंच होतं, आपल्याकडे दिवाळीपर्यंत कोण काढतंय! पण ऑफिसच्या दारावरची तोरणं पांढऱ्या दोऱ्यात ओवलेली होती. ही झेंडूची माळ तांबूस, केसासारख्या बारीक तारेत ओवली होती.

"ही कुणी लावली?"

"काय माहीत," मिहिर म्हणाला. "आमची पूजा बाहेर ऑफिसात होते. आत फूल न्यायला सक्त मनाई आहे."

मी तारेचं एक वेटोळं नखाने सोडवून बघितलं आणि रुमालात ठेवलं.

३

त्याच दुपारी मी चाकणला गेले. पाळणा बघणं उद्यावर ठेवलं; शहेबाजच्या घरी अजून आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. जायला हवं होतं.

अजीजभाईंचं गॅरेज तळेगाव रस्त्यावर, कंटेनरच्या धुळीत. शटर अर्धं खाली. आत शहेबाजचे वडील एका उलट्या डब्यावर बसले होते, समोर पान्यांची पेटी उघडी, एकही पाना हातात नाही. त्यांची बायको हसीना आतून चहा घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता बसली. मी अनुयाची मावशी आहे हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आता ही बाई मला हाकलून देईल आणि तिचं बरोबरच असेल.

अजीजभाई म्हणाले, "त्या मुलीला सांगा ताई, आमचा तिच्यावर राग नाही. तिनं खराब माल दिला असता तरी आम्हाला काय कळणार होतं? तिनं नाही दिला."

बशीत चहा ओतून घेतला आणि उगाच फुंकत राहिले.

"पण खरं काय झालं ते मला सांगा," ते म्हणाले. "चाळीस वर्षं गाड्या उघडतोय. गाडी का बंद पडली ते कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. ही तर माझ्या पोराची गोष्ट."

"सांगीन," मी म्हणाले. "सोमवारनंतर येऊन सांगते."

उठताना माझी नजर कोपऱ्यातल्या हायड्रॉलिक जॅककडे गेली. त्याला सुकलेल्या झेंडूचा हार होता. कॉम्प्रेसरला, व्हाईसला, वेल्डिंगच्या डब्यालाही.

"आमची पोरं करतात दरवर्षी," अजीजभाई म्हणाले. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून. खंडेनवमीला सगळं धुऊन-पुसून हार घालायचा आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाना पण उचलायचा नाही. मी पण त्यांना कामाला लावत नाही. ज्या हत्यारावर घर चालतं त्याला वर्षात एक रात्र आराम मिळाला पाहिजे."

हार बारीक तांबूस तारेत ओवलेला होता. मोटार भरताना गुंडाळतात ती वायंडिंगची तार. माझ्या रुमालात होती तीच.

परत येताना शेअर रिक्षात माझ्या शेजारची बाई काहीतरी विचारत होती. मला एक शब्द ऐकू आला नाही.

४

शनिवारी मी पाळण्यासमोर उभी राहिले.

पाळणा हे त्या यंत्राचं कंपनीतलं लाडाचं नाव. एका उबदार कपाटात सपाट तबक असतं, त्यावर पेशींची पिशवी ठेवायची आणि बाहेरचं बटण दाबलं की तबक रात्रभर हळूहळू इकडून तिकडे झुलत राहतं. न झुलवलं तर पेशी तळाशी बसतात, एकमेकींना चिकटतात आणि गुदमरतात. डॉ. मधुवंती मला हे सांगत होत्या आणि सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. गोळे होऊन तळाशी बसलेल्या पेशी त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या.

"पण पाळणा चालू होता," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी साडेसहाला अनुयाने चालू केला, सकाळी साडेआठला तिनेच बंद केला. तेव्हा तो हलत होता. आणि आलेख बघा ना!"

"आलेख कपाटाचा आहे, बाई. कपाट गरम होतं. आतलं तबक हलतंय की नाही हे तो आलेख कशाला सांगेल?"

"मग ते सांगणार कोण?"

शिकलेली माणसं यंत्राची पाठ कधी बघत नाहीत, हे माझं जुनं दुखणं. पाळणा ओढून मी मागे वाकले. गुडघा कटकन वाजला. मागे धुळीत एक छोटीशी खिडकी होती आणि तिच्यात आकडे. यंत्र एकूण किती तास चाललं ते मोजणारा मीटर. प्रत्येक लेथला असतो, ऑइल कधी बदलायचं ते कळायला. त्याच्याच शेजारी सर्व्हिसवाल्याने चिकटवलेलं स्टिकर: तारीख खंडेनवमीच्या दोन दिवस आधीची, वाचन २१४०.

"त्यानंतर हा कितीदा वापरला?"

"फक्त त्या रात्री, औषध घातल्यावरच तो लागतो. नंतर सील केला."

साडेसहा ते साडेआठ म्हणजे चौदा तास. मीटरवर २१५४ हवे होते.

मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. २१४५.

"नऊ तास गेले कुठे?" मी विचारलं.

डॉ. मधुवंती जमिनीवरच बसल्या. त्यांनीही मीटर वाचला, मग दाराच्या नोंदींचा कागद. अनुया गेल्यावर खोलीत आलेलं पहिलं कार्ड नऊ पाचचं. त्यानंतरचं दार उघडलं ते सकाळी सहाला. मधले तास नऊ.

"मिहिरने बंद केला?" त्या कुजबुजल्या.

५

मिहिरला मी त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि ट्रॉफी त्याच्या समोर सरकवली.

"काय हो, तुमची जोडी किती वाजता नाचली?"

"म्हणजे?"

"नवमीला तुम्ही मोशीत बक्षीस घेत होता. मोशी ते तळेगाव रात्रीच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. तुमचं कार्ड नऊ वाजून पाच मिनिटांनी इथे होतं. तुम्ही उडून आलात का?"

त्याचं हसू गेलं. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. बत्तिसाव्या वर्षी माणूस इतका म्हातारा दिसू शकतो हे मी तेव्हा पाहिलं.

"मुलीने हट्ट धरला होता," तो म्हणाला. "आधीच्या आठ रात्री मी घरी नव्हतो. म्हटलं, एक राऊंड. तिथे बघायचं काय असतं? मी कार्ड गोजाबाईंना दिलं, म्हटलं, काकू, आज जरा थांबा, नऊला एकदा दार उघडून डोकावून जा, नोंद होईल."

"आणि सकाळी पेशी मेलेल्या निघाल्यावर?"

"मला कळेना काय झालं. पण राऊंडचं कुणी विचारलं असतं तर..." त्याने तोंड झाकून घेतलं. "अनुया काही बोलणार नाही असं वाटलं. ती नवीन आहे."

"ती नवीन आहे म्हणून तू तिच्या गळ्यात एक माणूस अडकवलास. लाज वाटू दे."

अहोजाहो माझ्या तोंडून गळून गेलं होतं. मी बाहेर आले. सफाईच्या खोलीपाशी नळ वाहत होता आणि गोजाबाई फडकी पिळत होत्या. मला त्यांच्याकडे जायचं नव्हतं. रुमालातली तार मला कालपासून टोचत होती.

६

गोजाबाई इंदोरीच्या. वय पंचावन्नच्या पुढे, कपाळावर मोठं कुंकू, कंपनी उभी राहिल्यापासून तिथे कामाला. मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"गोजाबाई, खंडेनवमीला रात्री तुम्ही पेशींच्या खोलीत गेला होता?"

"व्हय. मिहिरसायबांनी कार्ड दिलं व्हतं."

"पाळण्याची पूजा केलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, जरा लाजून.

"केली. पर नियम न्हाई मोडला, बाई. आत फूल न्यायचं न्हाई ठाव हाय मला. म्हणून माळ भाइर दाराला लावली. हात धुतले, टोपी घातली, पायाला पिशव्या घातल्या, समदं केलं. आत फकस्त हात जोडले. अन् बटण बंद केलं."

"का बंद केलंत?"

"आता गं बया! पुजल्यालं यंत्र चालवत्यात व्हय? आमी इळा-खुरपं बी त्या दिसाला हातात धरत न्हाई. सकाळी सहाला आले ते पयलं बटण चालू केलं, मग झाडू घेतला." त्या थांबल्या. "कपाटाला न्हाई हां हात लावला. त्यावर लिवलंय हात लावू नका. डॉक्टरीणबाईंनी मला वाचून दाखिवलंय. पाळण्यावर कायबी लिवल्यालं न्हाई."

खरं होतं. मीही पाहिलं होतं. कपाटावर पाटी होती, पाळण्याच्या बटणावर काही नव्हतं. सात वर्षं ही बाई त्या खोलीत येत-जात होती. तिथे कपाट का गरम ठेवतात आणि तबक का झुलतं, हे तिला कुणी दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं.

"माळ कुणी दिली?"

"गॅरेजवाल्या भावानं. पोराच्या बापानं. दुपारी फाटकावर आला व्हता, वाचमननं आत सोडलं न्हाई. मी म्हटलं, द्या, मी लावते. त्यो म्हनला, ताई, माझ्या पोराचं औषध ज्या मशीनवर बनतंय तिला माझ्याकडनं घाला. अन् आज रात तिला आराम द्या. उद्या माझ्या पोरासाठी तिला कामाला लागायचंय." गोजाबाईंनी फडकं मांडीवर पसरलं. "किती मायेनं बोलला बिचारा. म्हनून तर मी केलं. एरवी मी कशाला?"

त्यांनी माझा चेहरा वाचला, मग मागे वळून त्या काचेच्या दाराकडे बघितलं.

"बाई," त्या म्हणाल्या, "त्या बटणानं व्हय?"

मी मान हलवली.

नळ तसाच वाहत होता. त्या एकच वाक्य बोलल्या, "त्या बापाला सांगू नका." मग रडायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसून राहिले, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की चूक सापडली नसती तर बरं झालं असतं.

७

सोमवारी समितीसमोर गोजाबाई स्वतः उभ्या राहिल्या आणि आपण बटण बंद केल्याचं त्यांनी सांगितलं. माळ कुणाची ते त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. मी मीटर दाखवला, बाटली दाखवली, मिहिरने राऊंडचं कबूल केलं. डॉ. मधुवंती उठून म्हणाल्या, "पाळण्यावर पाटी नव्हती, बंद पडला तर ओरडणारी घंटा नव्हती. ही दोन्ही कामं माझी होती. बाईंना काढायचं असेल तर आधी मला काढा." गोजाबाईंची नोकरी राहिली, मिहिरची गेली. अनुयाच्या नावावरचा अहवाल रद्द झाला. समितीने लिहिलं: यंत्र नऊ तास बंद राहिलं, ठरलेली फेरी झाली नाही. घरच्यांना कोण सांगणार, असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणाले, मी कबूल केलंय.

घरी आल्यावर मी अनुयाला जेवायला वाढलं. ती जेवली. मग म्हणाली, "तरी तो गेलाच ना गं, मावशी." त्या रात्री ती खूप रडली, आणि मी तिला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी चाकणला.

"यंत्र बंद पडलं होतं," मी अजीजभाईंना सांगितलं. "नऊ तास. रात्री जो बघायला जायचा तो गेला नाही."

"बंद का पडलं?"

मेकॅनिकच तो. हे विचारणार हे मला ठाऊक होतं आणि रस्ताभर मी उत्तर घोकत आले होते.

"स्विच खराब होता."

एकतीस वर्षांत मी एकही खोटं वाचन लिहिलं नव्हतं. हसीनाने पदर तोंडाला लावला. अजीजभाईंनी पेटीतला एक पाना उचलून परत ठेवला.

"तो हार पोचला होता ना मशीनला? मी पाठवला होता."

"पोचला होता. दाराला लावला होता."

"हां. मला वाटलं, आपल्याकडून काही राहून तर नाही गेलं." मग ते म्हणाले, "ताई, तो स्विच मला आणून द्या. एकदा बघू द्या. दुसऱ्या कुणाच्या पोराच्या वेळी बंद पडायला नको."

हो म्हणण्याखेरीज मी काय करणार होते?

निगडीच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून मी पाळण्याला असतं तसं बटण विकत घेतलं. स्वयंपाकघरात बसून ते उघडलं, आतल्या पितळी टोकांवर कानस मारली, मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काळं केलं. जन्मभर खराब पार्ट बाजूला काढले, त्या दुपारी एक चांगला पार्ट खराब करायला मला दोन तास लागले. हात सारखा थांबत होता.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी ते त्यांच्या हातात दिलं. शटर पूर्ण वर होतं. अजीजभाईंनी चष्मा लावला, बटण उघडलं, उजेडाकडे धरलं. टोकांवरून अंगठा फिरवला. मग अंगठा बघितला. तो काळा झाला होता.

तीन आठवड्यांपूर्वी जळलेलं टोक बोटाला काजळी लावत नाही. हे मला तेव्हा, तिथे उभी असताना आठवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर फिरवायला हवी होती, फिरवता आली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेली. हार. फाटकावरची बाई. ती रात्र. आपण तिला काय म्हणालो ते.

आतून हसीनाने विचारलं, "काय निघालं?"

अजीजभाईंनी अंगठा फडक्याला पुसला.

"स्विचच होता," ते म्हणाले. "कॉन्टॅक्ट जळलेत. कुणाची चूक नाही, हसीना."

मग ते उठले, पेटीतून पक्कड काढली आणि जॅकपाशी गेले. सुकलेल्या हाराची तार त्यांनी एका टोकाने धरली आणि हळूहळू, एकेक वेढा करत, उलगडायला लागले. फुलं खाली पडत होती. मी पर्स उचलली आणि बाहेर रस्त्यावर येऊन रिक्षाची वाट बघत उभी राहिले.